तवा, ओंडका आणि केसाएवढी तार

आईचा तंबोरा मिरजेचा. तिच्या लग्नाआधी आजोबांनी तो आणून दिला, तेव्हापासून तो पांढरी पाचात लागतो आणि एरवी गवसणी घालून खिडकीपाशी उभा असतो. गेल्या वर्षी शिकायला म्हणून भाचा आमच्याकडे पुण्यात राहायला आला आणि तंबोऱ्याशेजारी त्याची इलेक्ट्रिक गिटार येऊन टेकली. पहिल्याच संध्याकाळी मी दोघांना बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. तंबोऱ्याचा भोपळा घुमला, चारही तारा आपोआप शहारल्या. गिटार नुसतं ‘टक्’ म्हणाली, दाराच्या चौकटीवर टिचकी मारल्यासारखं.

“मामा, अख्खी महोगनी आहे,” भाचा म्हणाला. “दुकानदार म्हणाला, महोगनीनं टोन वॉर्म होतो.” त्याच दुकानात तेच मॉडेल बासवुडच्या बॉडीत होतं, सात हजारांनी स्वस्त. त्याच्या मित्रानं ते घेतलं. म्हणजे आमच्या घरातून गेलेले सात हजार निव्वळ उबेचे होते.

पैसे माझे गेले नव्हते, पण प्रश्न डोक्यात बसला. जे लाकूड ठोकल्यावर बोलत नाही, ते वाजवल्यावर कसं बोलतं?

मिरजेचा कारागीर वाद्य करायला घेतो तेव्हा सगळी भिस्त भोपळ्यावर असते. तार छेडली की कंप घोडीवरून तबलीत उतरतो, तबलीतून भोपळ्यातल्या हवेत आणि तिथून खोलीत. तार स्वतः एवढी बारीक की तिला एकटीला हवा हलवता येत नाही. तिच्या वतीनं लाकूड आणि भोपळा हवा हलवतात. तबली जाड राहिली की आवाज कोंडतो. इथं लाकडानं तारेकडून घ्यायचं आणि मोकळ्या हातानं हवेला द्यायचं. इलेक्ट्रिक गिटारची भरीव फळी याच्या नेमकी उलट वागते. तिनं तारेकडून काही घेऊ नये, तारेला शांतपणे हलू द्यावं, अशीच तिची रचना आहे. तंबोऱ्याचं लाकूड दानशूर, गिटारचं चिक्कू.

मग तो आवाज येतो कुठून, हे दाखवलं पेठेतल्या एका काकांनी. त्यांच्या वाड्याच्या पडवीत पूर्वी रेडिओ दुरुस्तीला यायचे, आता ॲम्प्लिफायर आणि गिटारी येतात. त्यांनी भाच्याची गिटार ॲम्पला जोडली, पिकअपवर वाकले आणि मोठ्यानं ‘हॅलो’ म्हणाले. ॲम्प गप्प. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपला नुसतं लावलं, तर धाडकन आवाज झाला. “याला कान नाहीत,” काका म्हणाले. “लोखंड हललेलं तेवढं याला कळतं.” खणातून त्यांनी पितळी तारेचा तुकडा काढला, पिकअपवर ताणून धरला आणि छेडला. काही नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते. म्हणजे आईच्या तंबोऱ्याला हा पिकअप लावला तर जोडाच्या पोलादी तारा वाजतील आणि खर्ज जवळजवळ मुकाच राहील. मला हे फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, बस. फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरसारख्या गिटारवर तारेगणिक एक अशा सहा चुंबकी कांड्या असतात आणि त्यांच्याभोवती ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, केसासारखी तार सुमारे आठ हजार वेळा फिरवलेली असते. उलगडून सरळ केली तर किलोमीटरभराच्या वर भरेल. चुंबकाशेजारी पोलादी तारही चुंबकल्यासारखी होते. ती हलली की वेटोळ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेच्या नियमाप्रमाणे तांब्यात वीज उमटते. ही इवलीशी वीज केबलमधून ॲम्पकडे जाते. सगळ्या वाटेत लाकूड कुठं भेटत नाही.

इतिहासाची सुरुवातही लाकडानं होत नाही, निदान विकाऊ मालाची तरी नाही. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम नावाचा हवाईयन गिटारवादक एका अडचणीनं हैराण होता: मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीनं वाजवायची ती गिटार बँडच्या गोंगाटात ऐकूच येत नसे. त्यानं घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांवरून कमानीसारखे फिरवले आणि खाली कॉइल बसवली. पहिला नमुना लाकडाचा कोरून घेतला होता. पण ॲडॉल्फ रिकेनबॅकरच्या मदतीनं १९३२ मध्ये विक्रीला आलं ते वाद्य एकसंध ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. छोटी गोल बॉडी, लांब दांडा. लोकांनी नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’, तळणीचा तवा. बाजारात चाललेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॉडीलाच लाकूड नव्हतं! तव्याची खरी खोड वेगळी होती. रंगमंचावरच्या दिव्यांखाली ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावायचं आणि लावलेले सूर हलायचे. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी बॅकेलाइटची गिटार काढली, म्हणजे जुन्या विजेच्या बटणांचं प्लास्टिक. (सुनील गांगुलींनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या ज्यांच्या घरी लागायच्या, त्यांनी या तव्याचंच पुढचं घराणं ऐकलं आहे.)

दुसरी गोष्ट ओंडक्याची. लेस पॉल हा जॅझ-कंट्री गिटारवादक १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोनच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी जाऊन खटपटी करायचा. पोकळ गिटारला पिकअप लावला की ॲम्पच्या आवाजानं तिचं पोट थरथरायचं, तो थरथराट पिकअप पुन्हा उचलायचा आणि सगळा हॉल कर्कश ओरडायचा. हे पोटच काढून टाकावं म्हणून त्यानं चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा चौकोनी ठोकळा घेतला, त्याला नेक जोडली, घरी केलेले पिकअप बसवले. नाव ‘द लॉग’. वाजायचा छान, पण लोकांना ते वाद्य वाटेना. मग त्यानं एक एपिफोन गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धे भाग ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. लेस पॉल पुढं सांगत असे की पंख लावल्यावर लोकांनी तोच आवाज आनंदानं स्वीकारला. पंख आवाजासाठी नव्हते, डोळ्यांसाठी होते. गिटार या वस्तूबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात याहून शहाणपणाची गोष्ट मला सापडलेली नाही. गिब्सन कंपनीनं मात्र तो ठोकळा पाहून त्याला वाटेला लावलं.

दहाएक वर्षांनी गिब्सनला त्याची आठवण झाली ती लिओ फेंडरमुळे. फेंडर फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. (पेठेतल्या काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मलाही येत नाही. दुरुस्तीला बरं पडतं.”) १९५० मध्ये त्यानं भरीव फळीची गिटार बाजारात आणली, तीच पुढच्या वर्षी टेलिकॅस्टर झाली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर आली. सुरुवातीचा नमुना पाइनचा, मग ॲश, आणि १९५६ पासून बऱ्याचशा स्ट्रॅटोकॅस्टरसाठी आल्डर. आज दुकानात सांगतात की ॲशनं ‘स्नॅप’ येतो आणि आल्डरनं ‘बॅलन्स’. फेंडरच्या कारखान्यात विचार वेगळा होता. ॲशची रंध्रं मोठी, रंग देण्याआधी ती लांबीनं भरावी लागत. आल्डरचा पोत बंद, रंग पटकन बसतो, लाकूड आसपास मुबलक आणि वजनाला हलकं. ज्या गिटारवर लाकडाचे रेषे दिसायला हवे होते, त्या फिकट पिवळ्या गिटारींसाठी तेवढं ॲश चालू राहिलं. सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या सोयीनं ठरलेली गोष्ट पन्नास वर्षांत कानाचं शास्त्र होऊन बसली.

आता ऊब. गिब्सननं १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची गिटार काढली: मागं महोगनी, वर मेपलचा थर. तिच्यात पी-९० जातीचे एकेरी कॉइलचे पिकअप होते. एकेरी कॉइलचा रोग असा की ती विजेच्या तारांची भुणभुणही इमानानं पकडते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सनच्याच सेथ लव्हर या इंजिनिअरनं १९५५ मध्ये तोड काढली. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीची गुंडाळी उलट आणि तिच्या चुंबकाची दिशाही उलट. बाहेरून येणारी भुणभुण दोघींत विरुद्ध चिन्हांनी येते आणि एकमेकींना मारते. तारेचा संदेश मात्र दोनदा उलटून सुलट होतो आणि बेरीज होते. शाळेतल्या ‘वजा गुणिले वजा बरोबर अधिक’ या नियमाचा इतका सुरेल उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. ‘हंबकर’ नावाचा हा पिकअप १९५७ मध्ये लेस पॉल गिटारवर आला. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं, त्या काळच्या पिकअपांखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीच्या आद्याक्षरांनी, ‘पीएएफ’ म्हणून, ते आज अफाट किमतीला विकले जातात.

दोन कॉइलमुळे आणखी काही घडलं, आणि उबेचा माग मला तिथंच लागला. प्रत्येक कॉइलला काही कंपनसंख्या लाडक्या असतात. तिथं ती जास्त जोरानं बोलते, त्याच्या वर गप्प होते. फेंडरच्या एकेरी कॉइलला नेहमीची केबल जोडली तर ही जागा साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास येते. हंबकरमध्ये वेटोळी जास्त, त्यामुळे ती जागा खाली घसरते. शिवाय तो तारेचा रुंद तुकडा एकदम बघतो, त्यात बारीक कंपनं आपसात पुसली जातात. वरचा चरचरीतपणा गेला की उरतं त्याला आपण ऊब म्हणतो. १९५६ ची लेस पॉल आणि १९५७ ची लेस पॉल, दोन्हींत महोगनी तीच, मेपल तोच. पिकअप बदलले आणि आवाज गोलसर झाला. गोलाईचं श्रेय पुढं महोगनीच्या नावावर जमा झालं, कारण ती दिसते. गुंडाळी झाकणाखाली असते.

काकांनी आणखी दोन गुन्हेगार दाखवले. एक, पिकअपची उंची. स्क्रू फिरवून पिकअप तारांजवळ नेला की आवाज दांडगा होतो. फार जवळ नेला की चुंबकच तारेला ओढतो, जाड तार बेसूर लहरते आणि लोक नेक वाकली म्हणून दुरुस्तीला येतात. दुसरा, पिकअपची जागा. सतार घोडीजवळ छेडली की आवाज टोकदार आणि दूर छेडली की मऊ, हे आपल्याला ठाऊक आहे. तोच न्याय ऐकणाऱ्यालाही लागतो: ब्रिजजवळचा पिकअप टोकदार, नेकजवळचा मऊ. तारा त्याच, फळी तीच, बटण इकडचं तिकडं केलं की दोन वेगळ्या गिटारी. लाकडाच्या जाती बदलून एवढा फरक पडतो असं त्याच्या भक्तांनीही कधी म्हटलेलं नाही.

फुलर्टनच्या कारखान्यात ही केसाएवढी तार गुंडाळायला बायका बसत. यंत्र कॉइल फिरवायचं, तार मात्र बोटांतून सोडायची, डावी-उजवीकडे अंदाजानं. त्यांतल्या अबिगेल इबारा १९५६ पासून काम करत होत्या आणि पुढं त्यांच्या हातचे पिकअप संग्राहक नाव विचारून मागू लागले. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. एकीच्या कॉइलमध्ये वेटोळी शिस्तीत, दुसरीच्या थोडी विस्कटलेली. त्यामुळे एकाच दिवशी बनलेल्या दोन गिटारी वेगळ्या वाजत. वाजवणारे म्हणायचे, या फळीचं लाकूड चांगलं लागलंय.

लाकडाची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच रिकामी नाही. तार दोन टोकांना टेकलेली असते आणि ती टोकं काही पर्वताला बांधलेली नसतात. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी इलेक्ट्रिक गिटारची कंपनं मोजली, तेव्हा दिसलं की नेक काही ठरावीक कंपनसंख्यांना स्वतः डोलते. नेमका तो स्वर वाजवला की तारेची शक्ती नेकमध्ये झिरपते आणि स्वर लवकर मरतो. वादक याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. माझ्या मते ‘मुका स्वर’ जास्त चांगलं. म्हणजे लाकूड करतं ते मुख्यतः चोरीच. चोरी कमी होणं म्हणजे चांगलं लाकूड, आणि त्यात जातीपेक्षा जाडी, जोडकाम आणि कडकपणा यांचा वाटा मोठा. मापकावर फरक दिसतो. तो ढोल आणि ॲम्पच्या गदारोळात कानाला कळतो का, हा वेगळा प्रश्न.

नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकानं तो प्रश्न निकाली काढायचा घाट घातला. एका चांगल्या टेलिकॅस्टर धाटणीच्या गिटारचा आवाज त्यानं प्रमाण मानला आणि एकेक भाग बदलत, काढत गेला. शेवटी त्यानं बॉडी आणि नेक दोन्ही काढली. दोन बाकांच्या मधल्या हवेत तारा ताणल्या, पिकअप तेवढ्याच अंतरावर धरला आणि वाजवलं. ध्वनिमुद्रण यूट्यूबवर कुणालाही ऐकता येतं. मी भाच्याला डोळे मिटायला लावून ते ऐकवलं. त्यानं हवेलाच गिटार म्हणून ओळखलं आणि नंतर अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

जिथं लाकूड खरंच हवा हलवतं, त्या साध्या पोकळ गिटारीतही डोळे किती फसवतात, हे २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सगळं सारखं, अशा सहा गिटारी मुद्दाम बनवून घेतल्या. दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुडपासून साध्या सापेलीपर्यंत; आपली शिसवही त्यात होती. ५२ वादकांना वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे घालून मंद उजेडात त्या वाजवायला दिल्या. महाग लाकडाला वेगळी पसंती मिळाली नाही.

सगळ्या वादाला मनातल्या मनात पूर्णविराम मिळतो तो मात्र रॉक गिटारवादक ब्रायन मेच्या गिटारीनं. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, त्यानं आणि त्याच्या इंजिनिअर वडिलांनी ती घरी करायला घेतली, कारण फेंडर परवडत नव्हती. नेक शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची, तीत लाकूडकिड्यांनी केलेली भोकं काडीपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. ट्रेमोलोला मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पिकअपसाठी मात्र त्यानं पैसे साठवले. बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक आणले आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून ॲरल्डाइटनं भरून टाकले. प्रत्येक पिकअपला चालू-बंदचं आणि दिशा उलटवायचं वेगळं बटण. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारूख बुलसाराच्या, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीच्या, आवाजामागं आयुष्यभर जो गिटारचा आवाज आहे तो या ब्लॉकबोर्डचा.

लाकडावरची ही श्रद्धा निरुपद्रवी असती तर मी हसून सोडून दिली असती. पण तिचं बिल झाडं भरतात, आणि त्यांतलं एक झाड आपलं आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळजवळ बंद झालं. त्याची जागा त्याआधीपासूनच घेत आली होती सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारी शिसव. आजोळच्या झोपाळ्याची आणि देव्हाऱ्याची शिसव ती हीच. जगभरच्या गिटारींवर बोटं जिथं फिरतात, त्या फ्रेटबोर्डवर ती जाऊन बसली. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या टेनेसीतल्या कारखान्यांवर छापा घालून लाकूड जप्त केलं. मुद्दा भारतातून आलेल्या शिसवीच्या आणि एबनीच्या पट्ट्यांचा होता, त्या तयार माल की अर्धकच्चा माल, कारण आपल्या निर्यात नियमांत तो फरक कळीचा होता. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून छापा पडला होता. २०१२ मध्ये गिब्सननं तीन लाख डॉलर दंड भरून समझोता केला. भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं. मग २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या गोतावळ्यावर आंतरराष्ट्रीय परवान्याची अट आली. मोठा उपसा होत होता तो चीनमधल्या फर्निचरसाठी, पण अडकले वाद्यवालेही. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या काळात काही गिटारींवर फेंडरनं पाउ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकी लाकूड लावलं. आणि २०२० मध्ये त्याच कंपनीनं जाहीर केलं की दलदलीतलं हलकं ॲश आता नेहमीच्या गिटारींना वापरणार नाही. पूर आणि एक हिरवा चकाकता भुंगा यांनी मिसिसिपीकाठचं ते लाकूड दुर्मीळ केलं होतं. संगीत थांबलं नाही.

शेवटी एका रविवारी काकांच्या पडवीत आम्हीही आमची परीक्षा घेतली. भाच्याची महोगनी, मित्राची बासवुड. दोन्हींना एकाच दिवशी नव्या तारा. एकच पिकअप-जोडी आधी हिच्यात, मग तिच्यात. उंची काकांनी पट्टीनं मोजलेली. मित्र पडद्याआड वाजवत होता, भाचा ओळखत होता. नाणं उडवूनही तेवढी उत्तरं बरोबर आली असती. मित्र गालात हसत होता. भाच्यानं स्वतःची गिटार मांडीवर घेतली, थोडा वेळ काही न वाजवता नुसती धरली. “जड आहे ती,” म्हणाला. “मला जड आवडते.” यावर काकांचंही काही म्हणणं नव्हतं. वजनाचे, हातात बसण्याचे सात हजार म्हटले तर ते वाया गेलेले नाहीत.

पण त्यानंतर त्यानं एक केलं. आठवडाभर खर्चातून वाचवून मध्यभागी आणि नेककडे बसवायला दोन एकेरी कॉइल घेतल्या, मधली उलट गुंडाळीची. काकांनी बॉडीत खाच पाडली. अख्ख्या महोगनीचा भुसा पडवीत उडाला तेव्हा त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

परवा संध्याकाळी आई तंबोरा लावत बसली होती. आतल्या खोलीत भाच्यानं ॲम्प चालू केला, नेककडच्या एकेरी कॉइलवर. भुणभुण सुरू झाली. आई खुंटीवरचा हात थांबवून ऐकू लागली. “हे काय पांढरी पाचात लागलंय?” तिनं विचारलं. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची १०० ची दुप्पट, दोन्ही खरंच पांढरी पाचाच्या अगदी शेजारी बसतात, किंचित चढी. आईनं जोड छेडला. दोन्ही सुरांच्या मधे डोलणारी लाट तयार झाली. भाच्यानं दारातून डोकावून बघितलं, मग बटण एक घर सरकवून मधली कॉइल जोडीला घेतली. भुणभुण गेली. आई म्हणाली, “असू दे ना जरा.” त्यानं बटण परत मागं घेतलं.